चिरलेल्या रांजणातली गांडुळं

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या नायगावात तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत स्वयंपाकघरातलं काही वाया जात नव्हतं. दोडक्याच्या साली, शेपूचे देठ, मक्याच्या कणसाची हिरवी पानं म्हशीच्या पुढ्यात पडायची. भाताची पेज आणि डाळ-तांदळाचं धुवण पेंडीत कालवलं जायचं, ते तिच्याच घमेल्यात. चुलीची राख भांडी घासायला लागायची. त्यातून जे उरेल ते, शेण आणि गोठ्यातला काडीकचरा वाड्यामागच्या उकंड्यावर जायचा. उन्हाळ्यात उकंडा उपसला जायचा आणि पेरणीआधी बैलगाडीनं रानात पडायचा. घरातून निघालेलं पुन्हा घरातच यायचं, फक्त ज्वारी-तुरीच्या रूपानं.

आता म्हैस गेली. गोठ्याच्या जागी स्लॅबची खोली आली आणि उकंड्याच्या जागेवर प्लॉट पडले. साली आणि देठ मात्र तेवढेच निघतात. ते कॅरीबॅगेत बांधून घंटागाडीत पडतात, गाडी ते गावाबाहेर नेते, आणि तिथं शॅम्पूच्या पुड्या आणि फुटलेल्या बाटल्यांच्या खाली ते सडत पडतात. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. हवेशिवाय सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो. हवा तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त आहे. इकडं रानातली माती सेंद्रिय कर्बासाठी उपाशी आहे. माती तपासून घेतलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ या नावापुढं बहुतेक वेळा ‘कमी’ लिहिलेलं असतं.

प्रत्येक घराला म्हैस आणि उकंडा आता परत आणता येणार नाही. पण उकंड्याचं काम करणारा एक जीव दोन-अडीच फूट जागेत, मोरीशेजारी सुखानं राहतो. घरच्या घरी गांडूळखत करण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते एवढ्याचसाठी. आणि ते नायगावातून सांगायचं आहे, कारण या विषयावरची बरीचशी माहिती थंड हवेच्या देशांतून आलेली असते. तिथं गांडुळांना थंडीपासून जपतात. आपल्याला वैशाखातल्या उन्हापासून जपायचं आहे. त्याची युक्ती आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे: पाण्याचा रांजण.

गांडूळ नेमकं करतं काय

गांडुळाला दात नसतात, डोळे नसतात, कान नसतात, फुप्फुसंही नसतात. ते कातडीनं श्वास घेतं आणि त्यासाठी कातडी कायम ओली लागते. ती सुकली की ते गुदमरून मरतं. डोळे नसले तरी उजेड त्याला कातडीतूनच कळतो आणि सोसत नाही. म्हणून त्याला ओल, अंधार आणि हवा या तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. बाकी सगळे नियम या तिन्हींतून निघतात.

गांडूळ आपण टाकलेली भेंडीची देठं थेट खातं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. दात नसताना कच्चं देठ ते खाणार कसं? आधी त्या देठावर जिवाणू आणि बुरशी बसतात, ते मऊ करतात, कुजवू लागतात. हा जिवाणूंनी भरलेला मऊ लगदा गांडूळ ओढून घेतं. त्याच्या पोटात कोंबडीसारखी एक पेषणी असते. गिळलेले मातीचे बारीक कण तिथं जात्याच्या दगडासारखे काम करतात आणि अन्न दळलं जातं. पुढं आतड्यात ते पचतं आणि शेवटी मोहरीहूनही बारीक काळसर गोळ्या बाहेर पडतात. तीच खताची पूड. आत गेला त्यापेक्षा बाहेर आलेला माल जास्त भुसभुशीत असतो, त्यातले अन्नघटक मुळांना उचलायला सोपे झालेले असतात आणि उपयोगी जिवाणूही त्यात भरपूर असतात.

म्हणून मी गांडुळांना खत करणारा कारखाना म्हणत नाही. दुधाचं दही विरजणातले जिवाणू करतात, आपण फक्त ऊब सांभाळतो. इथंही खरं काम जिवाणूंचं आहे. गांडूळ त्यांना दळून देतं, हवा खेळती ठेवतं आणि माल पुढं सरकवतं. आपलं काम ओल सांभाळण्याचं.

गांडुळाकडं शास्त्राच्या नजरेनं इतक्या चिकाटीनं पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या या माणसाचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर आहे. ते 1881 साली निघालं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. 1842 साली त्यानं घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरले होते. 29 वर्षांनी तिथं खणलं तेव्हा खडूचा तो पांढरा पट्टा सात इंच खाली गेलेला होता. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली, म्हणून खडू खाली गाडला गेला. त्यानं त्यांच्यासमोर धातूची शिट्टी वाजवून पाहिली, त्यांना काही कळलं नाही. पण पियानोवर कुंडी ठेवून सूर वाजवला तेव्हा ती झटकन बिळात शिरली, कारण हादरा त्यांच्या अंगाला लागला. या प्रयोगातून आपल्या कामाची गोष्ट एवढी घ्यायची: गांडुळांची टोपली पीठगिरणीच्या भिंतीला किंवा वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नये.

हे ज्ञान आपल्याकडचंही आहे

कुजवण्याचं शास्त्र परदेशातून आलं असं वाटत असेल तर इंदूरची आठवण काढायला हवी. होळकरांच्या त्या शहरात 1924 ते 1931 या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. त्यांनी 1931 साली यावर जे पुस्तक लिहिलं, त्यावर दुसरं नाव त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं आहे. काडीकचरा, शेण आणि थोडी राख-माती यांचे थर लावायचे आणि हवा खेळावी म्हणून ढीग ठरावीक दिवसांनी पालटायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. हॉवर्ड हे शेतकऱ्यांच्या शेतावर शिकले, हे ते स्वतःच सांगत.

पुढचा धागा आपल्या शेजारचा आहे. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेतावरच्या कमी शेणात जास्त खत कसं करावं याचा ध्यास घेतला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती पद्धत ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी विटांची टाकी बांधायची आणि भिंतीत जागोजागी भोकं ठेवायची. भोकांतून हवा आत जाते, म्हणून ढीग पालटावा लागत नाही. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. रोजगार हमीच्या कामांत नाडेपची टाकीही घेतली गेली आहे, आणि नांदेड-लातूरच्या गावांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून गांडूळखताच्या शेडना मदत मिळाली आहे.

शहरांनीही हे उचललं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास खाद्यपदार्थांच्या उरल्यासुरल्या कचऱ्यातूनच माती तयार करून बाग उभी केली. पुण्याची महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याची साठवण करणाऱ्या घरांना मालमत्ता करात सवलत देते. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं. म्हणजे घरातच कुजवणं हा आता काही कुणाचा नाद राहिलेला नाही, कायद्यालाही तेच हवं आहे.

रानातलं गांडूळ चालत नाही

पहिली चूक इथंच होते. पावसाळ्यात रानात निघालेली गांडुळं गोळा करून आणतात आणि डब्यात सोडतात. ती महिनाभरात नाहीशी होतात. आपल्या काळ्या रानातलं गांडूळ माती खाणारं, खोल राहणारं असतं. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की ते आणखी खाली जाऊन अंगाची गुंडाळी करून पडून राहतं आणि मृगाच्या पावसात वर येतं. डब्यात त्याला खोली नाही, माती नाही, दडी मारायला जागा नाही. त्याची राहणीच वेगळी.

आपल्याला लागतं ते पाल्यापाचोळ्याच्या वरच्या थरात राहणारं, कुजकं खाणारं गांडूळ. महाराष्ट्रात विकत मिळतं ते मुख्यतः लालसर, अंगावर पट्टे असलेलं ‘इसेनिया फेटिडा’. ते मूळचं युरोपातलं, पण काटक आहे. जांभळट रंगाचं मोठं ‘युड्रिलस युजेनी’ हे आफ्रिकेतलं. ‘पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस’ हे आपल्या देशातलंच, उष्ण हवेत चांगलं टिकतं. नायगावच्या शेजारी बिलोली तालुक्यात सगरोळीला, तसंच नांदेडजवळ पोखर्णीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं चौकशी करावी. नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याच्या गांडूळशेडमधून अर्धा किलो मागावीत. गांडुळांसोबत त्यांचं थोडं जुनं खतही घ्यावं. त्यात त्यांचे कोष आणि जिवाणू असतात, त्यामुळं नव्या जागेत ती लवकर रुळतात.

वेगळे नर-मादी नसतात. प्रत्येक गांडूळ दोन्ही असतं, तरी जोडी लागतेच. प्रौढ गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला जाडसर पट्टा दिसतो. तो दिसला म्हणजे ते कोष घालायच्या वयाचं झालं. कोष लिंबाच्या आकाराचा, पण मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, पिवळट. त्यातून साधारण तीन आठवड्यांत दोन-चार पांढरी, दोऱ्याएवढी पिल्लं निघतात आणि सहा-आठ आठवड्यांत ती मोठी होतात. ओल आणि अन्न नीट मिळालं तर दोन-तीन महिन्यांत संख्या दुप्पट होते. म्हणून अर्धा किलोवर सुरुवात केली तरी पुरतं.

जागा, भांडं आणि अंथरूण

माझ्याकडं एक रांजण होता. वीस वर्षं त्यातलं पाणी आम्ही प्यालो. एका उन्हाळ्यात बुडाजवळ तडा गेला आणि पाणी ठिबकू लागलं. असा रांजण टाकून देत नाहीत, धान्य भरायला ठेवतात. मी त्यात गांडुळं ठेवली, आणि तो तडाच कामाला आला. जास्तीचं पाणी त्यातून निथळून जातं. मातीचं भांडं झिरपतं, बाहेरच्या अंगाला ओल येते, ती हवेत उडते आणि आत गारवा राहतो. प्लास्टिकच्या डब्यात हे होत नाही. त्याच्या भिंती ओल अडवतात आणि उन्हात तापतात.

पसरट तोंडाचा रांजण किंवा मोठी मातीची कुंडी नसेल तर बिनजोडणीच्या विटांचा हौद करावा: आतून अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच. विटांच्या फटींतून हवा जाते आणि विटा ओल पितात. गांडुळं वरच्या थरात राहतात, त्यामुळं खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा. एवढ्या जागेत अर्धा किलो गांडुळं बसतात आणि रोज साधारण पाव किलो साली-देठ संपवतात. चांगल्या दिवसांत गांडूळ रोज स्वतःच्या निम्म्या वजनाचं खातं, हा हिशोब डोक्यात ठेवावा. घरात रोज अर्धा किलो निघत असेल तर गांडुळं वाढल्यावर दुसरा हौद करावा. पहिल्यावरच जास्त ओतत बसू नये.

तळाला विटांचे बारीक तुकडे आणि नारळाच्या शेंडीचा काथ्या. त्यावर अंथरूण: फाडलेला पुठ्ठा, साधी वर्तमानपत्रं, वाळला पाचोळा, सोयाबीनची गुळी. सोयाबीनच्या मळणीनंतर पुष्कळ ठिकाणी ती बांधावर पडून असते, तिचा हा चांगला उपयोग आहे. या सगळ्यात शेजाऱ्याच्या गोठ्यातलं पंधरा-वीस दिवसांचं जुनं शेण मिसळावं. ताजं शेण नको, ते तापतं आणि त्यातून अमोनिया निघतो. पेषणीसाठी मूठभर बारीक काळी माती. सगळं ओलं करून पंधरा दिवस ठेवावं. या दिवसांत ते आतून गरम होईल. हात घालून पाहावं. गरमी ओसरली की मगच गांडुळं सोडावीत. मूठभर माल घट्ट पिळावा: एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी.

गांडुळं वरच सोडावीत, हातानं खुपसू नयेत. ती उजेडाला घाबरून स्वतःच खाली जातात. पहिल्या दोन-तीन रात्री वर एक लहान दिवा लावून ठेवला की बाहेर पळत नाहीत. वर ओलं गोणपाट आणि त्यावर झाकण.

आमच्या काकू हे सगळं बघत ओसरीवर उभ्या होत्या. ‘घरात किडे पाळायलाव का काय?’ म्हणाल्या. मी गोणपाट उचलून दाखवलं. आत काहीच वळवळत नव्हतं, सगळी खाली गेली होती आणि ओल्या मातीचा वास येत होता. पहिल्या पावसानंतर रानातून येतो तोच. तो वास मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तयार करतात आणि चांगल्या चाललेल्या हौदात तेच वाढतात. काकू वाकल्या, हुंगलं आणि पुढं काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचे मेथीचे देठ घेऊन आल्या.

उन्हाळा: खरी परीक्षा

इसेनियाला वीस-पंचवीस अंश सगळ्यात मानवतात. पस्तिसाच्या वर ती गांडुळं मरू लागतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या आसपास जातो, पत्र्याखाली आणि स्लॅबवर त्याहून पुढं. माझा पहिला डबा प्लास्टिकचा होता आणि तो गच्चीवर ठेवला होता. चैत्र संपता संपता एका दुपारी उघडला तेव्हा सगळी गांडुळं झाकणाला चिकटून वाळली होती. ती वर का आली ते नंतर कळलं. खालचा माल सालींच्या कुजण्यानं तापला होता आणि वरून ऊन होतं. त्यांना जायला जागाच राहिली नव्हती.

हाच उन्हाळा आपल्याला एक मोठी सोय देतो, ती म्हणजे कोरडी हवा. मे महिन्यात दुपारच्या हवेत आर्द्रता फार कमी असते. अशा हवेत ओली वस्तू भराभर वाळते आणि वाळताना गार होते. म्हणूनच माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार राहतं. किनारपट्टीच्या दमट हवेत हे तितकं साधत नाही. म्हणजे ज्या कोरड्या उन्हाला आपण भितो, तेच रांजण गार करतं आणि रांजणातली गांडुळं जगवतं. अट एकच, बाहेरचा भाग ओला असला पाहिजे आणि ऊन लागता कामा नये.

म्हणून उन्हाळ्याचे नियम असे. हौद किंवा रांजण घराच्या उत्तरेला, मोरीजवळ, पाण्याच्या ओट्याशेजारी किंवा कडुलिंबाच्या दाट सावलीत असावा. भोवती वाळूचा थर द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावं आणि ते सकाळ-संध्याकाळ ओलं करावं. एप्रिलपासून खाणं निम्म्यावर आणावं. सालींचा ढीग तापतो, म्हणून जे टाकू ते पातळ पसरून टाकावं. टरबुजाच्या साली फ्रिजमध्ये गार करून दुपारी एका कोपऱ्यात ठेवाव्यात. गांडुळं त्यांच्याखाली गोळा होतात. हात घालून पाहावं. हाताला आतला माल गार लागला तर काळजी नाही.

पाण्याचा प्रश्न मी हलक्यानं घेत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या भागात राहणाऱ्या माणसाला गांडुळांसाठी पाणी मागायची लाज वाटावी. पण यासाठी ताजं पाणी लागतच नाही. भाजी धुतलेलं, डाळ-तांदळाचं धुवण, माठाच्या तळाला उरलेलं गाळाचं पाणी पुरतं. दिवसाला तांब्या-दोन तांबे. साबणाचं आणि खारट पाणी मात्र अजिबात नको. झिरपून आलेलं पाणीही वाया घालवू नये. ते दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांना घालावं.

पावसाळ्यात उलट करायचं. ओल आपोआप मिळते, तेव्हा पाणी बंद. पाऊस आत शिरू द्यायचा नाही. पाणी तुंबलं तर गांडुळं बुडतात आणि पावसाळी रात्री भिंतीवर चढून निघून जातात.

काय घालायचं, काय नाही

भाज्यांच्या साली आणि देठ, केळीच्या साली, चहाचा चोथा, वाळली फुलं, अंड्याची टरफलं वाटून, पुठ्ठा आणि कागद: हे सगळं चालतं. बारीक चिरून घातलं तर लवकर संपतं. लिंबू-मोसंबीच्या साली, कांदा-लसणाची टरफलं थोडीच. मिरचीची देठं चालतात, पण मिरचीचा चोथा नको.

लोणचं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तेलकट भाजी, मिठाचं काहीही नको. मिठानं गांडुळाच्या ओल्या कातडीतलं पाणी ओढलं जातं आणि ते मरतं. मटण-मासे, दूध-दही नको. त्यांचा वास सुटतो आणि उंदीर-चिचुंद्री येतात. शिळी भाकरी गांडुळांची नाही, गाईची किंवा कुत्र्याची. ती त्यांनाच जाऊ द्यावी.

हौद बोलतो, फक्त ऐकायला शिकलं पाहिजे. आंबट वास आला तर खाणं जास्त झालं. चार-पाच दिवस थांबावं आणि वाळला पाचोळा घालावा. चिलटं आली तर खाणं उघडं राहिलं. त्यावर दोन बोटं पाचोळा टाकावा. मुंग्या आल्या तर हौद कोरडा पडला, ओल वाढवावी आणि भांडं घडवंचीवर असेल तर तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. गांडुळांचं अंग मोत्यांच्या माळेसारखं गाठी-गाठींचं दिसू लागलं तर प्रथिनांचं कुजकं जास्त झालं, डाळी-पनीर असलं काही पडलं असणार. दर दोन-तीन दिवसांनी गोणपाट उचलून पाहण्याची सवय लागली की हे सगळं बिघडण्याआधीच कळतं. गोठ्यात जनावराच्या डोळ्यांकडं पाहून त्याची तब्येत ओळखायची, तसंच हे.

खत काढणं आणि त्याचा खरा हिशोब

साठ-पंच्याहत्तर दिवसांत खालचा माल चहापत्तीसारखा काळा, दाणेदार होतो. तीन दिवस पाणी बंद ठेवावं. मग सगळं गोणपाटावर ओतून सावलीत, पण उजेडात लहान लहान शंकू करावेत. उजेडापासून पळत गांडुळं तळाशी जातात. अर्ध्या तासानं वरचं खत हलक्या हातानं खरडून घ्यावं, पुन्हा थांबावं, पुन्हा खरडावं. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. तो नव्या अंथरुणात. खत चाळावं. चाळणीवर राहिलेली बारीक पिवळी लिंबं म्हणजे कोष, तेही परत हौदात. सगळं झाल्यावर हात साबणानं धुवावेत.

या खताचं मोल नीट समजून घेतलं तर निराशा होत नाही. त्यात नत्र साधारण दीड-दोन टक्केच असतं. युरियात ते 46 टक्के असतं. दोन्हींचं काम वेगळं आहे. युरिया पिकाला खाऊ घालतो, गांडूळखत मातीला. त्यातला कुजलेला सेंद्रिय भाग मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो, त्यामुळं पाणी मुरतं आणि टिकतं. आमच्या काळ्या मातीत पावसात चिखल होतो आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात. त्या मातीला याची फार गरज आहे.

हेही खरं की एका घरच्या हौदातून एकरभर रान भागत नाही. शेताला एकरी टन-दोन टन लागतं, घरातून महिन्याला काही किलो निघतं. पण मिरची-टोमॅटोची रोपं तयार करायला, कढीपत्त्याला, तुळशीला, शेवग्याच्या खड्ड्याला आणि परसातल्या दोन वाफ्यांना ते पुरून उरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घंटागाडीत जाणारी पिशवी हलकी होते. ओलं वेगळं झालं की सुकंही स्वच्छ राहतं, आणि ते वेचणाऱ्या माणसाच्या हातांना खरकटं लागत नाही.

सुरुवात कधी करावी, असं लोक विचारतात. उन्हाळ्यात नाही. महालक्ष्म्यांच्या सणात करावी. मराठवाड्यात त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि घराघरात एवढे साली-देठ दुसऱ्या कुठल्याही सणाला निघत नाहीत. निर्माल्यही असतं. पाऊस सरत आलेला असतो, थंडी पुढं असते, सोयाबीनची गुळीही लवकरच मिळू लागते. भाद्रपदात अंथरूण घातलं तर पंधरा दिवसांनी गांडुळं सोडता येतात आणि चैत्र लागायच्या आत त्यांची दोन पिढ्या वाढ झालेली असते. मग उन्हाळा आला तरी हौद टिकतो.

काही वेळा टिकला नाही तरी धीर सोडू नये. गच्चीवरच्या त्या डब्यातला वाळलेला माल मी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून टाकला होता. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर तिथं तण काढायला बसलो. ओल्या पाचोळ्याखाली पांढऱ्या दोऱ्यांसारखी पिल्लं हलत होती. मोठी मेली होती, पण त्यांनी घातलेले कोष उन्हाळाभर वाट पाहत राहिले होते. ओल मिळाली तेव्हा फुटले. त्यांतलीच ओंजळभर उचलून मी चिरलेल्या रांजणात ठेवली. आज त्या रांजणाचं झाकण उघडतो ते त्यांच्याच पिढ्या बघायला.